पाझराची बरणी

मातीचा बांध पाझरणारच. माणसाला घाम येतो तसा त्यालाही येतो, असं ऑरिन ट्वेटचे वडील म्हणत. हा बांध त्यांनी चार घोडे आणि माती ओढायचं एक लोखंडी सूप एवढ्या भांडवलावर स्वतः घातला होता. पुढे मरेपर्यंत ते त्याच्याविषयी ज्या जिव्हाळ्याने बोलले, तसं मुलांविषयी बोलल्याचं कुणाला आठवत नाही. बांधाचं शास्त्रही त्यांनी ऑरिनला एका वाक्यात शिकवलं होतं: पाझर नितळ असला तर झोपावं, गढूळ असला तर आतून माती चालली असं समजून पळावं. उपकरण म्हणून लोणच्याची रिकामी बरणी पुरते.

त्या उन्हाळ्यात ऑरिन रोज सकाळी बांधाच्या पायथ्याशी जाऊन बरणी भरी आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून ठेवी. मग गुरांना मीठ टाकून, कुंपणाच्या तारा ओढून दुपारी जेवायला आला की बरणी उजेडात धरी.

"बघ लव्हॉन. आरसा आहे आरसा."

लव्हॉन बटाटे सोलत असे. ती बघत नसे.

आरसा असूनही ऑरिनला चैन मात्र नव्हतं. जेवताना तो मध्येच उठून खिडकीशी जाई. बसल्या बसल्या पिकअपच्या किल्ल्या खुळखुळवी. बांधावर चक्कर मारून येई आणि आल्यावर काहीतरी विसरल्यासारखा परत जाई. पहिले काही दिवस कुत्राही हौसेने गाडीत चढला. नंतर त्याने ऊठबस सोडली.

काळजी बांधाची होतीच, पण खरं दुखणं बांधाखाली राहत होतं. त्याचं नाव एमेट ह्रुस्का. नाल्याकाठची गवताची कुरणं त्याची. त्याच नाल्यात, वारा लागू नये म्हणून झाडांच्या आडोशाला, त्याच्या मुलाने आपला राहायचा ट्रेलर आणून उभा केला होता. सून ब्रिन आणि तिचं तान्हं बाळ दिवसभर तिथेच असत.

एका कोरड्या वर्षी एमेटने थोडं पाणी सोडायला सांगितलं होतं, आणि ऑरिनने नाही म्हटलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोट बंद होतं. त्या मुलखात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, ही रीत. अनोळखी माणसाला उचलतात, पाद्र्याला उचलतात, कर वसूल करणाऱ्यालाही उचलतात. हे दोघे मात्र एकमेकांसमोरून दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून जात, जणू रस्त्यावर बर्फ आहे.

बांध वाचवायचा तर तळाचं दार उघडून तलाव रिकामा करायला हवा. ते पाणी जाणार कुठे? एमेटच्या कुरणात. म्हणजे ज्याला थेंब द्यायचा नाही असं ठरवलं, त्याला अख्खा तलाव आंदण द्यायचा, आणि आपली गुरं उन्हाळाभर कोरड्या खड्ड्याशी उभी करायची. त्यापेक्षा पाझर नितळ असणं सोयीचं होतं.

त्या दुपारी लव्हॉनने बटाटे बाजूला ठेवले, बरणी उचलली आणि झाकण घट्ट लावून उलटी केली. तळाला बसलेला बोटभर गाळ उठला. पाण्याची दूध घातलेली कॉफी झाली.

"तू उगीच ढवळतेस," ऑरिन म्हणाला.

"सकाळची बरणी दुपारी बघितली तर डुकराचं डबकंही नितळ दिसेल."

भरताना बरणीकडे बघायचं नाही, असा नियम ऑरिनने स्वतःच घातला होता, आणि इतका काटेकोर पाळला होता की वडिलांना अभिमान वाटला असता.

"खाली बाळ झोपलंय, ऑरिन. फोन तू करतोस की मी?"

ऑरिनने केला.

"कोण?" पलीकडून एमेट.

"ऑरिन ट्वेट."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "कोण गेलं?"

"कोणी नाही. पाणी सोडतोय. सगळं."

"मी मागितलं तेव्हा नाही सोडलंस! आज माझं गवत कापून पडलंय, लेका. वाळू दे, उचलू दे, मग सोड."

"थांबता येणार नाही. बांधाला घाम येतोय."

"तो तुझ्या बापाच्या काळापासून येतोय."

"आता मातकट येतोय."

एमेटने फोन ठेवला. त्याची पिकअप इतक्या लवकर अंगणात आली की ऑरिनला बूट चढवायलाही वेळ मिळाला नाही. दोघे बांधाच्या पायथ्याशी गेले. ओल्या गवतात एक छोटा झरा उकळल्यासारखा उसळत होता आणि भोवती बारीक मातीचं वारुळ रचत होता. एमेटने तिथे बोट बुडवलं, चोळून बघितलं आणि सुनेला फोन लावला.

"बाळाला घे आणि वर ये. आत्ता. भांडी राहू दे गं, भांडी कुठे पळत नाहीत."

ब्रिन बाळाला घेऊन वर आली, तेव्हा दोघांनी मिळून तळाच्या दाराच्या चाकात तरफ म्हणून पाइप घातला. चाक गंजलं होतं. ऑरिन खेचत होता, एमेट ढकलत होता, आणि दोघेही ऑरिनच्या बापाला आठवत होते.

"दमानं!" चाक सुटल्यावर एमेट ओरडला. "एकदम उघडलंस तर आतली बाजू घसरेल. कधी दिलं नाहीस म्हणून आज एवढं ओतायला नको."

पाणी नाल्यात उतरलं, कुरणात पसरलं, आणि कापलेल्या गवताच्या ओळी एकामागून एक तरंगत निघाल्या. एमेट कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"छान गवत होतं," तो म्हणाला.

"हिवाळ्याला माझ्याकडचं ने."

"तुझं? त्यात निम्मे काटे असतात."

सूर्य कलला तोवर तलावाच्या कडेला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. गुरं गोळा होऊन त्याच्याकडे बघत होती. झऱ्याचं उसळणं मंदावलं. ऑरिनने बरणी भरली, जागच्या जागी खदाखदा हलवली आणि उजेडात धरली. अजून गढूळ होती, पण आरपार हात दिसत होता. रात्र इथेच काढायची, असं त्याने ठरवलं.

लव्हॉन जेवण घेऊन आली म्हणून ऑरिन बांधावर चढला, तेवढ्यात एमेटची गाडी बांधावरच्या रस्त्याने परत निघाली. जवळ येताना काचेमागे स्टिअरिंगवरून एक बोट वर झालं.

ऑरिनने लगेच आपलं उचललं.

"त्याने उचललं?" लव्हॉनने विचारलं.

"उचललं."

"कुठलं?"

ऑरिन धुळीकडे बघत राहिला. "उन्हात नीट दिसलं नाही," तो म्हणाला, आणि बरणी पुन्हा भरायला खाली उतरला.