मास्तरांना कमी ऐकू येतं

मी रॉड बोलतोय. व्यायामशाळेतला, वीस किलोचा, मधोमध किंचित वाकलेला. ते वाकणं जन्माचं नाही. कारखान्यातून निघालो तेव्हा मी चांगला सरळ होतो, थोडा शेफारलेलाही. पुढे एका मोठ्या क्लबात एका पठ्ठ्याने छाप पाडायला माझ्यावर झेपेल त्याच्या दुप्पट वजन चढवलं आणि धाडकन आपटलं. त्याला काही झालं नाही, मी मात्र अडगळीत गेलो.

तिथून मला मास्तरांनी आणलं. शाळेत व्यायाम शिकवून ते निवृत्त झालेत आणि एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर छोटी व्यायामशाळा चालवतात.

त्यांचा एक नियम आहे. बाकावर उताणं झोपून कुणी मला छातीवरून वर ढकलत असलं, की मास्तर डोक्याशी उभे राहतात, पण हात लावत नाहीत. 'घ्या' म्हटलं की उचलतात. भले भले दंडवाले गडी एवढं म्हणायला लाजतात. तोंड लालबुंद होईल, पाय झाडतील, पण 'घ्या' म्हणतील तर शपथ.

एक दिवस नणंदेचा हात धरून एक बाई जिना चढून आली. बेकरीत कामाला होती.

"वहिनीवर बेकरीचं छत कोसळलं होतं," नणंद म्हणाली. "पाच तास अडकली होती. हाका मारून मारून घसा बसला, पण कुणाला ऐकूच गेलं नाही. जखमा भरल्या हो, पण अजून अंगावर चादर सहन होत नाही. बसून झोपते. आणि बोलते इतकं हळू, की आम्हालाच पुढे वाकावं लागतं. डॉक्टर म्हणाले, औषधं चालू राहू देत, जोडीला हे करून बघा."

मास्तरांनी हळहळ केली नाही. "दाराकडे तोंड करून उभ्या राहा," एवढंच म्हणाले.

चार महिने तिने मला फक्त जमिनीवरून उचललं. पहिल्या दिवशी तळव्यांना इतका घाम, की मी निसटलोच. पण पिठाची पोती उचललेले हात होते ते, हळूहळू वळणावर आले. जाताना ती मला फडक्याने पुसून ठेवायची. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. मला ती आवडायला लागली.

मग एका सकाळी ती आपणहून बाकावर आडवी झाली. माझ्यावर वजनाची एकही प्लेट नव्हती. तिने मला छातीपर्यंत आणलं आणि तिथेच थिजली. तिची धडधड मला लागत होती. ओठ हलले, आवाज फुटला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या वजनाची लाज वाटली.

मास्तरांनी क्षणात मला उचललं.

"घ्या म्हणायचं असतं," ते म्हणाले. "आणि मोठ्याने. मला कमी ऐकू येतं."

मी चाटच पडलो. खाली गॅरेजात पाना पडला, तर तो किती नंबरचा हे वरून सांगणारा माणूस हा. पण मी काय बोलणार?

त्यानंतर रोज तेच. ती कुजबुजायची, मास्तर मला लगेच उचलायचे आणि मग कानामागे हात धरायचे. "काही म्हणालात का?" ती नजर चुकवायची.

एकदा दोन्ही बाजूंना पाच-पाच किलोच्या प्लेटा होत्या. तिसऱ्या वेळेला मी अर्ध्यावर अडलो.

"घ्या!"

खिडकीची तावदानं थरथरली. दोरीच्या उड्या मारणारे दोघे धावत आले. मास्तरांचे, त्यांचे असे सहा हात माझ्यावर पडले. गॅरेजातला मेकॅनिक पाना हातात घेऊन धापा टाकत वर आला. "काय झालं? कोण अडकलंय?"

ती उठून बसली. सगळ्यांकडे एकेक करून बघत राहिली आणि मग हमसून हमसून रडली. कुणी तिला गप्प केलं नाही.

मास्तर कान चोळत म्हणाले, "एवढं ओरडायला मी काय बहिरा आहे?"

रडता रडता ती हसली.

आता ती आडवी झोपते म्हणे. चादर अजून कमरेपर्यंतच येते. बेकरीच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आली.

मला गंज धरलाय, पुढच्या महिन्यात नवा सरळ रॉड येतोय. मला भंगारात द्या, तक्रार नाही. तेवढा तो नियम मात्र मोडू नका. आणि कधी आमच्या जिन्याखालून जाताना वरून 'घ्या' ऐकू आलं, तर धावत या. हातात पाना असला तरी चालेल.