हिरव्या टाक्याचं पोतं

मी पोतंच बोलतोय. तागाचं, तुरीच्या डाळीचं, डाव्या कुशीला हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं. सावकाश सांगायची माझी सवय, पण गेल्या आठवड्यापासून जिवाला स्वस्थता नाही. मागचं-पुढचं झालं तर सांभाळून घ्या.

मला कुठं विणलं, ठाऊक नाही. मला आठवतं ते अकोल्याच्या दालमिलपासून. पोटात डाळ, पाठीवर निळा शिक्का. हमालाच्या पाठीवरून ट्रकमध्ये गेलो, ट्रकमधून दुकानात, आणि तिथं एका उंदरानं माझी कूस कुरतडली. भरलेलं असेपर्यंत माणसं पोत्याला उचलून धरतात, रिकामं झालं की पायानं सरकवतात. मी रागावलो नाही. पोत्यानं रागावून करायचं काय?

बारदान्याच्या ढिगातून मला जैनबबीनं निवडलं. एकटी बाई, गोधड्या शिवून पोट भरते. शहराच्या कडेला प्लॉट पाडून वसलेले दोन लेआउट आहेत, वरचा आणि खालचा. वरच्याच्या अगदी शेवटी, उताराच्या पायथ्याशी तिचं घर. तिनं माझी कूस हिरव्या दोऱ्यानं शिवली, गोधडीला घालते तसे बारीक टाके घालून. उन्हाळ्यात मला ओलं करून ती खिडकीला टांगायची. मी तिला गार वारा द्यायचो. ते माझे सुखाचे दिवस.

मागच्या भिंतीपलीकडे खालचा लेआउट. तिथं सिंधू आणि तिचा नवरा देवीदास, किराणा दुकानवाला. भिंतीवरून वाट्या जायच्या-यायच्या. एका सकाळी सिंधूनं हाक मारली.

"जैनबबी, तुमचं पोतं द्या ना दोन दिवस. मुगवड्या टाकाच्या हायेत."

"ने ना माय. पन रिकामं नोको आनजो वापस."

असा मी भिंतीपलीकडे गेलो. तिथं गटाराचं भांडण पेटलेलं होतं.

दोन्ही लेआउटच्या सांडपाण्याच्या समित्या वेगळ्या. खालच्यांनी दहा वर्षांमागं वर्गणी काढून लाइन टाकली, पाणी उपसायला मोटर बसवली. वरच्यांना मोटर लागली नाही, त्यांना उतार होता. मग नगरपालिकेचा हुकूम आला, समित्या एक करा, घरटी सारखा दर लावा. वरच्यांच्या सांडपाण्याचा नळ खालच्या लाइनीला आधी जोडून टाकला, दराचं मागून बघू म्हणाले. तिथंच सगळं बिघडलं.

मोकळ्या प्लॉटवर सभा भरली तेव्हा सिंधू माझ्यावरच बसली होती.

देवीदास उठून म्हणाला, "मोटर आमची, लाइटबिल आमचं, अन् पानी तुमचं. मंग दर सारखा कसा?"

वरच्या समितीचे बद्रुद्दीनभाई बसूनच म्हणाले, "आमचं पानी आपल्या पायानं चालत जाते, भाऊ. उताराले काय लाइटबिल येते?"

"चालत कुठी येते? आमच्याच दारात ना!"

लोक हसले. दोघंही खोटं बोलत नव्हते. मला तेच टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे कूलरपुढं आडवे झालेले असताना, देवीदासनं मला उचललं. माझ्यात रेती भरली, दाभणानं तोंड शिवलं. दोन लाइनी जिथं मिळतात तिथलं झाकण सरकवून त्यानं मला वरच्यांच्या नळाच्या तोंडात ठोसलं. झाकण पुन्हा बसलं.

काय सांगू तुम्हाला! पाठीवर वरच्या लेआउटचं सगळं पाणी रेटत होतं. मला धरवेना, सोडवेना. फाटून जावं म्हणून मी अंग ताणायचो. पण उंदरानं कुरतडलेल्या त्या जागी जैनबबीचा टाका होता. तो काही उसवेना.

तीन दिवस गेले. नळातून आवाज यायचे. जैनबबीच्या मोरीतून पाणी उलटं वर आलं होतं, शिवून ठेवलेल्या गोधड्यांत शिरलं होतं. वरूडच्या एका लग्नाच्या होत्या त्या. ती बादलीनं पाणी उपसत होती, आणि तिच्यासोबत सिंधूही.

"राहू दे व सिंधू, हात खराब करून राहिली."

"तुमचे हात काय सोन्याचे हायेत? द्या इकडे बादली."

मी ऐकत होतो आणि तिथंच अडकून होतो. यापरती शिक्षा कोणती?

चौथ्या दिवशी सकाळी गटार साफ करणारे डोमाजी आले. आत उतरणार नाही म्हणाले, वरूनच लांब आकडा घातला आणि मला ओढून रस्त्यावर टाकलं. गर्दी जमली.

"पाहा!" बद्रुद्दीनभाई ओरडले. "खालच्यायचं काम!"

"नाव घ्या ना मंग," देवीदास म्हणाला. पण आवाज बारीक होता.

जैनबबी वाकली. तिचा अंगठा हिरव्या टाक्यावरून फिरला. तिनं सिंधूकडे पाहिलं, सिंधूनं तिच्याकडे.

"माहंच पोतं होय," जैनबबी म्हणाली. "वाळाले टाकलं होतं. वाऱ्यानं गेलं असन."

"चाची," डोमाजी म्हणाले, "तुमच्या वाऱ्यानं रेती बी भरली, अन् तोंड बी शिवलं?"

सगळे हसले. सिंधू हसली नाही.

"मी नेलं होतं हे, वड्याइसाठी," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "आता तुमी बोला."

देवीदास खाली बघतच बोलला. "मले वाटलं, पानी बद्रुद्दीनभाईच्या दारासमोर येईन. सभेत मले हसले लोक. जैनबबीचं घर सगळ्यात खाली पडते, हे ध्यानातच नाई आलं."

बद्रुद्दीनभाई काही तरी बोलणार होते. जैनबबीनं हात वर केला.

"सिंधू, कैची आन."

तिनं तोंडाची सुतळी कापली, रेती रस्त्यावर ओतली. मग तिथंच बसून आपलाच हिरवा टाका उसवला. पुढं माझी कूस, बूड, सगळी शिवण कापत गेली. मला दुखलं नाही. तीन दिवस जे मागत होतो, ते ती देत होती.

"घ्या देवीदासभाऊ," तिनं मला सपाट उलगडून त्याच्या हातात दिलं. "आता भरा रेती."

दराचं अजून ठरलेलं नाही. रविवारी पुन्हा सभा आहे. देवीदास दुकान बंद ठेवून भिजलेल्या गोधड्या धुतो, उन्हात उलटतो. वरूडचं लग्न जवळ आलंय आणि कापूस आतून वाळलेला नाही. माझाही जीव थाऱ्यावर नाही. दुपारी कुठं झाकण वाजलं की मी दचकतो.

सभेत मला अंथरणार आहेत म्हणे. खुशाल बसा माझ्यावर, दरासाठी हवं तेवढं भांडा. फक्त दुसरं पोतं शोधू नका. मी आता पोतं राहिलो नाही, तागाचा एक तुकडा आहे. मूठभर रेतीही माझ्यात मावत नाही.