तळमजल्यावरचा वर्ग

स्नेहा मूळची अनसिंगची. जऊळक्याजवळ एका संस्थेच्या शाळेत ती नववी-दहावीला गणित शिकवायची. शाळेतून परतताना टिप्परनं स्कूटीला उडवलं आणि तिचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. तिनं डॉक्टरच्या प्रमाणपत्रासह रजेचा अर्ज दिला. उत्तर आलं नाही. कृत्रिम पायावर चालायला शिकत होती, तेव्हा पत्र आलं : विनापरवानगी गैरहजर, सेवा समाप्त.

नवऱ्याला, प्रसेनजितला घेऊन ती संस्थेचे अध्यक्ष जगदेवभाऊंकडे गेली. त्यांनी चहा मागवला.

"मॅडम, तुमचे वर्ग वरच्या मजल्यावर. उद्या जिन्यात पडल्या त जबाबदारी कोनाची?"

"मले खालचा वर्ग द्या."

"एकासाठी सारी शाळा खालीवर करू काय? घरी आराम करा."

ते मायेनंच बोलत होते. तिला राग आला तो त्याचाच.

"जाऊ दे," प्रसेनजित रस्त्यात म्हणाला.

"काहून जाऊ देऊ?"

ती अमरावतीला शाळा न्यायाधिकरणात गेली. तारखा पडत राहिल्या. दीड वर्षानं मुख्याध्यापक उकंडराव संस्थेकडून साक्षीला उभे राहिले. स्नेहाच्या वकिलानं विचारलं, "दहावीचा वर्ग खाली आणता आला असता का?"

उकंडरावांनी संस्थेच्या वकिलाकडे पाहिलं. "आला असता."

"मग का आणला नाही?"

"मले कोनी सांगतलं नाही."

सेवासमाप्ती रद्द झाली. मागचा पगार देऊन तिला कामावर घ्या, वर्ग तळमजल्यावर भरवा, असा आदेश झाला.

ती रुजू झाली त्या सकाळी शिक्षक खोलीत रीता कपाट रिकामं करत होती. स्नेहाच्या जागी तिला तात्पुरतं घेतलं होतं.

"मले त सांगतलं होतं, तुमी सोता राजीनामा देल्ला म्हनून."

"नाही देल्ला."

"हो, मालूम पडलं मंग." रीतानं पिशवी बांधली. "दहावीतली चंदा बीजगणितात कच्ची हाये. तिले रागावू नका, लगेच रडते."

"तुमचं आता कसं?"

"मालेगावले एका क्लासवाल्यानं बोलावलं हाये. पाहू."

स्नेहा तिला फाटकापर्यंत सोडायला गेली. रीता तिच्या चालीनं हळू चालली. या दिवसाचं चित्र स्नेहानं कितीदा मनात रंगवलं होतं. त्यात रीता कुठंच नव्हती. एसटी आली, रीता चढली.

प्रार्थना संपली होती. स्नेहा वर्गात गेली आणि पोरांना पुस्तकं उघडायला सांगितली.