चालत्या गाडीचं भंगार

पाहुणे यायचे म्हटले की या घरातला दातांचा डॉक्टर बारीक ब्रश घेऊन माझ्या अंगाला गंज फासायचा. तांबडा, तपकिरी, मध्ये मध्ये काळा. जीभ दातांत धरून, अगदी मन लावून. मित्रांनो, मी एक जुनी पितळी आगगाडी आहे, आणि पितळ गंजत नाही. ते कळकट होतं, हिरवं पडतं, घासलं की पुन्हा लखलखतं. भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. पण एवढ्या शिकलेल्या माणसाने विचारायचं कुणाला?

मला डॉक्टरच्या वडिलांनी घडवलं. ते कारखान्यात लेथवर काम करायचे. डॉक्टर तेव्हा आठ वर्षांचा होता. झाडावरून पडून पाय मोडून घेतला होता आणि खाटेवर पडल्या पडल्या घर डोक्यावर घेत होता. वडिलांनी साहेबांना विचारून पितळेचे उरलेले तुकडे घेतले आणि जेवणाच्या सुट्टीत माझी चाकं कातली. एक चाक केसभर मोठं झालं तर ते फेकून दिलं आणि नवं कातलं. पोटात बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर बसवली. तोवर पोराचा पाय बरा होऊन पोरगं उंडारायला लागलं होतं, पण ते असो.

पुढे वडील गेले. मुलगा डॉक्टर झाला आणि त्याला छंदांचा नाद लागला. एक नाही, तीन. काचेच्या टाकीत मासे, कुंड्यांत खुरटवलेली झाडं, आणि आईंच्या खोलीत भिंतीकडेने फळ्या ठोकून माझे रूळ. आई म्हणजे डॉक्टरची आई. घरात सगळे त्यांना आईच म्हणतात, मीही म्हणते. दातांचे ठसे घ्यायच्या प्लास्टरचे डोंगर झाले. छाटलेल्या काड्यांचं जंगल झालं. टाकीतले मासे मेले, त्यांची वाळू स्टेशनावर आली. खोटं कशाला बोलू, काम नाव ठेवण्यासारखं नव्हतं.

रूळ आईंच्या उशाशी वळायचे. रोज सकाळी दवाखान्यात जाण्याआधी डॉक्टर माझ्या मागच्या डब्यात त्यांची रक्तदाबाची गोळी ठेवून बटण दाबायचा. मी बोगद्यातून निघायचे ती उशाशी थांबायचे.

"आलीस का गं बाई वेळेवर?" आई म्हणायच्या. "या घरात तू एकटीच शहाणी."

त्या कौतुकावर मी अकरा वर्षं धावले. एक दिवस चुकले नाही.

मग नव्या गाड्या आल्या. शिट्टी वाजवणाऱ्या, दिवे लावणाऱ्या, खोक्यातून नटूनथटून उतरलेल्या. धाकट्या जावा आल्या की थोरलीला मागच्या रुळावर उभं करतात, त्याचं मला नवल नाही. पण स्टेशन वाढवायचं ठरलं आणि आईंची खाट पॅसेजमध्ये गेली.

"आई, तिथे वारा छान येतो," डॉक्टर म्हणाला.

"हो रे. येणाऱ्याजाणाऱ्याचा."

गोळी आता बशीतून यायला लागली. आईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "गाडी कुठाय?"

"दुरुस्तीला दिलीय."

"बिघडली कधी?"

"जुनी झाली ना, आई. देतील आठवड्याभरात."

मी बिघडले नव्हते. डॉक्टरला उघडझाप करणारा पूल करायचा होता आणि पुलाला मोटर हवी होती. त्याने मला उताणी केली आणि दाढ काढायच्या चिमट्याने माझ्या पोटातली मोटर ओढून काढली. पेशंटला निदान भूल देतो. मग रिकामी गाडी बघून त्याला आणखी सुचलं. त्याच चिमट्याने धुराडं वाकवलं, पुढचं एक चाक काढलं, रंगाचा गंज फासला आणि स्टेशनातल्या इंजिनांच्या शेडमागच्या झुडपात मला आडवी टाकली. जुन्या गाड्या म्हणे अशाच पडलेल्या असतात.

आई मात्र रोज विचारत राहिल्या. "आली का रे?" "तिला म्हणावं, मी वाट बघतेय." "लोळत पडणारी नाही ती, मी ओळखते तिला." भिंतीच्या अलीकडे मला सगळं ऐकू यायचं. मला एकदा, फक्त एकदा, त्यांच्यापर्यंत धावायचं होतं.

मित्रांनो, जुनी वस्तू नको असेल तर फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा, नाहीतर कुणाला देऊन टाका. पण चालत्या वस्तूला शोभेसाठी लंगडी करू नका. आणि केलीच, तर तिची वाट बघणाऱ्याला खोटं सांगू नका.

गेल्या रविवारी डॉक्टरचे चार छंदी मित्र आले. त्यांतला एक माझ्यावर वाकून ओरडला, "मानलं डॉक्टर! पूलबिल राहू द्या, हे भंगार बघा. काय जीव ओतलाय!"

ओतलाय की काढलाय, ते मला विचारा.

त्या ओरडण्याने आई काठी टेकत आत आल्या. सगळ्यांच्या मधून थेट शेडपाशी गेल्या आणि मला उचललं. कानाशी धरून हलवलं. आत काही वाजलं नाही.

"मोटर?"

"पुलाला लावली," डॉक्टर हळूच म्हणाला. "वाया नाही घालवली गं, आई."

"आणि मला सांगितलंस, दुरुस्तीला दिलीय."

"तुला वाईट वाटलं असतं म्हणून..."

"आता बरं वाटतंय होय?"

पाहुणे आपापल्या कपात बघायला लागले. डॉक्टरचे कान लाल झाले.

"मी करतो ना दुरुस्त. पुढच्या रविवारी बसवतो मोटर, प्रॉमिस."

आईंनी माझं वाकलेलं धुराडं अंगठ्याने चाचपलं. मग मला काखेत घेऊन त्या दाराकडे वळल्या आणि चार माणसांसमोर, आवाज न चढवता म्हणाल्या,

"राहू दे. दुरुस्त करायला तुझ्या बापाला यायचं. तुला नुसतं उपटता येतं."