पवित्र दोऱ्याचे सात वेढे

या मित्रांनो, जवळ सरका. घाबरू नका, मी रिकामी आहे. आज तुम्हाला अशा एका नटाची गोष्ट सांगते, ज्याचा आवाज साऱ्या मुलुखाने ऐकला आणि जो पडद्यावर एक शब्दही बोलला नाही.

मी एक जुनी शवपेटी आहे. पेचबुरी गावातल्या बौद्ध विहारामागे बसणाऱ्या सुताराने मला सिनेमासाठी घडवले. दिग्दर्शक फयोम त्याला म्हणाला होता, "बाबा, खोटी वाटता कामा नये हं!"

"मला खोटी येतच नाही," सुतार म्हणाला. "ज्यांना परत बाहेर यायचं नसतं, त्यांच्यासाठीच आजवर केल्यात."

म्हणून माझ्या फळ्यांत हवेपुरतीही फट राहिली नाही. वरून सोनेरी कागदाची नक्षी चिकटवली. सगळे म्हणाले, काय सुरेख! मलाही तेव्हा त्याचा अभिमान वाटला.

माझ्यात झोपायचे होते चैयुतला. पडद्यावर तो मोठा रुबाबदार. एरवी अडखळत बोलणारा, म्हणून गप्पच राहणारा. त्या काळी आमच्या रिळांत आवाज नसे. नट नुसते ओठ हलवत आणि थिएटरात लमूनमावशी माईकपुढे बसून सगळ्यांचे आवाज काढी. नायिकेचा, म्हाताऱ्याचा, कुत्र्याचासुद्धा. चैयुतचा तो गडगडाटी आवाज तिचाच होता.

त्या सकाळी तो माझ्याजवळ आला तेव्हा त्याचे तळवे ओले होते.

"भुताचं काम करतोस आणि भुताला भितोस?" मावशीने चिडवले.

"भ-भुताला नाही, मावशी. झा-झाकणाला."

आमच्या कंपनीची एक रीत होती. मेलेल्याचे काम करणाऱ्याने आधी पेटीला हात जोडून क्षमा मागायची आणि बाहेर आल्यावर तीनदा मोठ्याने हसायचे, म्हणजे मरण मागे लागत नाही. चैयुतने हात जोडले, आत झोपला. झाकण लागले. त्याला अपशकुन होऊ नये म्हणून फयोमने भिक्खूंनी मंतरलेला पांढरा दोरा माझ्याभोवती घट्ट गुंडाळला. एक नाही, सात वेढे. मित्रांनो, त्याने हे मायेनेच केले होते.

आतल्या भुताने धडका द्यायच्या आणि विसाच्या आकड्याला बाहेरच्यांनी दोरा उलगडून झाकण उघडायचे, असे ठरले होते. फयोम मोजू लागला. बारापर्यंत चैयुतने ठरल्याप्रमाणे धडका दिल्या. मग त्याचा श्वास आखडला. त्याची नखे माझ्या लाकडात रुतली. मी सारे जाणत होते, पण मला हात कुठले? लाकूड स्वतःहून उघडत नाही. इतकी भीती मी पुन्हा कधी अनुभवली नाही.

"वा! काय भूत आहे!" फयोम ओरडला आणि आनंदाच्या भरात मोजायचेच विसरला. "चालू दे, चालू दे!"

आतून बारीक, तुटका आवाज आला. "ल-ल-लमून..."

कोपऱ्यात बिया सोलत बसलेली मावशी ताडकन उठली आणि थेट कॅमेऱ्यापुढे धावली.

"मावशी, बाजूला हो! फिल्म वाया जातेय!"

"अरे मेल्या, तो हाका मारतोय!"

"हा त्याचा आवाज? त्याचा तर चांगला भारदस्त..."

"तो माझा आहे रे! हा त्याचा आहे!"

सगळे हबकले, पण सात वेढे उलगडायला वेळ नव्हता आणि मंतरलेला दोरा तोडायला कोणाचा हात धजेना. मावशीने मला एकदा हात जोडले आणि दातांनी सातही वेढे तोडले.

चैयुत बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. तीनदा हसायचे होते ना! त्याच्या घशातून आवाजच फुटेना. तेव्हा मावशीने त्याला कुशीत घेतले आणि त्याच्या त्या गडगडाटी आवाजात तीच हसली. एकदा, दोनदा, तीनदा. तिच्या गालांवरून पाणी वाहत होते.

नंतर सुताराने खाली मान घालून माझ्या उशाशी हवेसाठी भोक पाडले. चैयुतने पुढे अकरा वर्षे कामे केली. मग बोलती रिळे आली आणि दोघांनाही कोणी बोलावीना. आता मावशी नाही. मी विहाराच्या पडवीत आहे, वाळवी लागली आहे. वर्षातून एकदा इथे भिक्खूंचे गात गात प्रवचन होते. म्हातारा चैयुत माझ्याशेजारी बसतो आणि मावशीच्या नावाने पुण्य अर्पण करताना एक कडवे गातो. गाताना तो अजिबात अडखळत नाही.

मित्रांनो, कोणी आतून हाक मारली तर त्याला नाटक समजू नका. आणि लमूनमावशीची आठवण ठेवा. तिचे नाव एकाही पोस्टरवर नव्हते.