पाठीमागची बटणं

वडशाच्या राईस मिलमध्ये तांदूळ पुन्हा तुंबला आणि बाबुलाल शेठनी आपलं ठेवणीतलं वाक्य बाहेर काढलं, "अडाणी बाईच्या हाती मशीन देली, हेच माझी गलती!"

अडाणी ठरलेली बाई म्हणजे गिरजा. तलावात मासे धरून पोट भरणाऱ्या घरची. याच मिलमध्ये तिनं कोंड्याच्या टोपल्या वाहिल्या, पण वाहताना डोळे उघडे ठेवले. कोणती मशीन आधी थांबवायची, कोणती मग, हे तिला तोंडपाठ झालं, म्हणून धानाचा हंगाम लागताच शेठजींनीच तिला बटणांवर उभं केलं. मिलच्या बटणांवर बाई! वडशात त्याची चर्चा झाली आणि काहींच्या पोटात दुखलंही.

मशीन म्हणाल तर तीनच, एका ओळीत. डावीकडे धान वर नेणारा पट्टा, मध्ये साल काढणारा हलर आणि उजवीकडे तांदळाला चमक आणणारं पॉलिशर. थांबवताना पहिल्यांदा पट्टा थांबवायचा. गिरजा थांबवायला जाई पट्टा आणि थांबे पॉलिशर! मग मागून येणारा तांदूळ अडकून बसे आणि जमिनीवर सांडे.

"चंद्रपूरहून पॅनेलवाली बाई येऊन राह्यली," शेठजी म्हणाले. "पॅनेल बरोबर निघालं तं गिरजा, तू परत टोपल्यावर. आन् यापुढं बटनावर कोनतीच बाई नाई!"

गिरजा सांडलेला तांदूळ गोळा करू लागली. टोपलीला ती भीत नव्हती. पण दारात उभ्या राहून तिच्याकडे पाहणाऱ्या बाकीच्या टोपलीवाल्या बायांची वाट आपल्यापायी बंद होणार, या विचारानं तिचा जीव तुटत होता.

पॅनेलवाली बाई आली. कुंता मेश्राम तिचं नाव. चंद्रपूरच्या एका कारखान्यात ती मशीनच्या पॅनेलचे, म्हणजे बटणांच्या फळीचे, नकाशे काढी; या मिलचं पॅनेलही तिनंच आखलेलं. कोणतं बटण कुठं असावं, कोणता दिवा कधी लागावा, माणसाच्या बोटाला आणि डोळ्याला काय सोपं पडावं, हे ठरवणं तिचं काम. आज या कामाला भारदस्त नावं आहेत. गडचिरोली जिल्हा नुकता वेगळा झाला होता त्या काळात मात्र लोक तिला "बटनवाली बाई" म्हणत. तिला त्याचा राग येत नसे. घरात शिकलेली ती पहिलीच मुलगी, आणि आपल्या कामाचा तिला अभिमान होता. जरा जास्तच होता म्हणा ना!

ती मशीनच्या समोरच्या भिंतीवरच्या पॅनेलकडे तोंड करून ताठ उभी राहिली. डावं बटण, पट्टा थांबला. मधलं बटण, हलर थांबला. उजवं बटण, पॉलिशर थांबलं. जशा मशीन, तशी बटणं.

"पॅनेलमध्ये दोष नाही," ती म्हणाली.

"पाह्य! मी काय म्हनत होतो?" शेठजी खूश.

गिरजाचा चेहरा उतरला. "बाई, मीबी बरोबरच दाबते. पन थांबते दुसरंच. काऊन, थे मले समजत नाई."

"लक्ष देऊन दाबत जा," कुंता म्हणाली. आपल्यापैकी कितीजणांनी हे वाक्य कितीजणांना ऐकवलं असेल, नाही का?

ती मुक्कामाला मामाकडे गेली. देवराव मामा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकातले पेटीमास्तर. थंडीचे दिवस, त्यामुळे दुपारीच अंगणात तालीम रंगली होती. कुंता चहाचा कप घेऊन बाजेवर बसली आणि सवयीनं मामाच्या बोटांकडे पाहू लागली. नवं काही सुचायचं तर ते तिला असंच कुठंतरी सुचे, कधी चुलीपाशी, कधी कुणाच्या हातातल्या हत्याराकडे पाहताना. बोटं पळत होती, पण मामाची नजर एकदाही पेटीवर जात नव्हती.

"मामाजी, तुमी पेटीकडे पाह्यतच नाई?"

"पेटीकडे पाह्यलं तं गानाऱ्याकडे कोन पाहीन? काळी पट्टी उचललेली अस्ते, बोटाले आपोआप समजते."

कुंतानं हसत हसत मिलची गोष्ट सांगितली. मामा हसले नाहीत. त्यांनी भाता बंद केला.

"कुंते, त्या बाईले मिल समजते का नाई?"

"समजते. पण बटण चुकते."

"माह्या पेटीची पट्टी अडकली तं मी गानाऱ्याले हाकलून देऊ का? तू पॅनेल पाह्यलं, बरोबर. पन बाईले पाह्यलं का? थे काम कशी करते, कुठी उभी रायते, कुठी पाह्यते? पॅनेल कोनासाठी बनवलं तुनं, भिंतीसाठी का मान्सासाठी?"

कुंताच्या हातातला चहा निवून गेला. मामाचं बोलणं तिला झोंबलं, कारण ते खरं होतं. नकाशा काढताना तिनं भिंतीचं माप मागवलं होतं, माणसाची चौकशी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पॅनेलकडे फिरकलीच नाही. बाजूला पोत्यावर बसून गिरजाकडे पाहत राहिली. आणि थोड्याच वेळात ताडकन उठली. गिरजा भिंतीकडे पाठ करून उभी होती! डोळे मशीनवर, हात मागे भिंतीवर.

"गिरजाबाई, पॅनेलकडे पाठ काऊन?"

"मंग का भिताडाकडे पाहू?" गिरजाला प्रश्नच विचित्र वाटला. "धानात गोटा आला, पट्टा सरकला, थे समोरच दिसन ना! रोवना करतानी आपन मागं पाह्यतो का? नजर रोपावर ठेवतो आन् मागं मागं सरतो. धुरा मागं आला का पायाले समजते."

दुसऱ्यांच्या शेतात धानाची रोपं लावत, पाठीमागच्या बांधाकडे, म्हणजे धुऱ्याकडे, उलट्या पावलांनी सरत मोठी झालेली बाई ती. काम नेहमी डोळ्यांसमोर, बाकी सगळं पाठीमागे. कुंता तिच्याशेजारी तशीच पाठ करून उभी राहिली. पट्टा डावीकडे म्हणून तिनं डावा हात मागे नेला आणि बटण दाबलं. पॉलिशर थांबलं! अरे बाप्पा! माणूस फिरला की डावं उजवं होतं, एवढी साधी गोष्ट तिच्या नकाशात नव्हती.

"गिरजाबाईच्या आधी बटणांवर कोण होतं?" तिनं विचारलं.

"मी," पोती शिवणारा लहानू म्हणाला. "माह्यानंबी हेच होत होतं. पन तवा शेठजी म्हनत, मशीन खराब आहे."

ऐकलंत? लहानू चुकला तर मशीन खराब, गिरजा चुकली तर बाई खराब!

कुंता तडक शेठजींकडे गेली. "शेठजी, तुम्ही एकदा मिल थांबवून दाखवा. पण नजर धानावर ठेवायची."

"त्यात का आहे!" शेठजी बाह्या सरसावून उभे राहिले. रुबाबात पाहिलं समोर आणि हात नेला मागे. पॉलिशर थांबलं, तांदूळ भसाभसा त्यांच्या पायांवर सांडला आणि दारातल्या बायांनी पदर तोंडाला लावले. गिरजानं धावत जाऊन पट्टा थांबवला.

शेठजी पायांवरच्या तांदळाकडे बघत राहिले. ते माणूस वाईट नव्हते, फक्त सवय वाईट होती.

"दोष माझ्या पॅनेलचा होता," कुंता सगळ्यांसमोर म्हणाली. "काल मी उगाच गिरजाबाईंना बोलले. माफ करा, बाई."

नवं पॅनेल तिनं मिलमध्ये उभं राहूनच आखलं. भिंतीवरून ते उतरलं आणि कमरेएवढ्या लाकडी घोडीवर, मशीनकडे तोंड केलेल्या माणसाच्या हाताशी आलं. जशी मशीनची ओळ, तशीच बटणांची. शिवाय प्रत्येक बटणावर सागाच्या लाकडाची वेगळी टोपी, एक गोल, एक चौकोनी, एक तीनकोनी. पेटीच्या काळ्या पट्टीसारखं, न पाहता बोटाला कळावं म्हणून.

गिरजानं मिल सुरू केली. दिवसभर धान आलं, तांदूळ निघाला. संध्याकाळी तिनं नजर समोर ठेवून पट्टा थांबवला, मग हलर, मग पॉलिशर. एक दाणाही खाली सांडला नाही! बायांनी टाळ्या पिटल्या, लहानूनं शिट्टी मारली.

बाबुलाल शेठ पुढे आले. "गिरजाबाई, माझी भूल झाली," ते म्हणाले. कालपर्यंतच्या गिरजाला 'बाई' लागलं होतं. "तू आता बटनावरच राहाशीन. आन् अजून दोघीजनींले शिकव. दुसऱ्या पाळीले पाह्यजेत मले."

दारातल्या बाया आत आल्या.

कुंतानं पुढे किती तरी पॅनेलं आखली. पण आधी त्या जागी जाऊन ती तासन् तास बसे, काम करणाऱ्याला पाही आणि मगच पेन्सिल हातात घेई. लोक तिला विचारत, एवढा वेळ कशाला घालवता? ती सांगे, "वस्तू माणसासाठी असते. ती माणसाला जमत नसेल, तर आधी वस्तू बदलावी."

मित्रहो, आपल्याही घरात, कचेरीत कुणी ना कुणी रोज चुकत असतं आणि आपण चटकन त्याला अडाणी म्हणून मोकळे होतो. बाई असली, गरीब असली, खेड्यातली असली, तर अधिकच चटकन! तो शब्द तोंडात आला की जरा थांबा. त्या माणसाच्या जागी, तो उभा राहतो तसंच उभं राहा, आणि मग आपलाच हात कुठं पडतो ते पाहा.