शेवंतीचा हार आणि कोंडलेला वारा

मित्रांनो, वसईच्या पाचूबंदरला शत्रुघ्नदादाच्या होड्या बांधायच्या छपरात, जाळ्यांमागे काळंहिरवं पितळ भिंतीला टेकून उभं आहे ना, तो मी. शर्यतीच्या मोटारीचा रेडिएटर. माझ्या अंगात तांब्याच्या बारीक नळ्या आहेत, त्यांभोवती पातळ पत्र्याची जाळी. इंजिनाचं तापलेलं पाणी माझ्यातून फिरायचं, समोरचा वारा त्यातली धग घेऊन जायचा आणि पाणी निवून पुन्हा कामाला लागायचं. वारा हाच माझा श्वास. एवढं ध्यानात ठेवा.

मी घडलो विलायतेत. एका साहेबाच्या मोटारीबरोबर इकडे आलो. लढाई संपली, साहेब मायदेशी गेला आणि मोटार मोडीत निघाली. तिथून मला वसईच्या बेनेडिक्टने उचललं. तो मोटारी दुरुस्त करायचा. मुंबईत विमानांच्या धावपट्टीवर शर्यती होत. तिथे आपल्या हातची मोटार पळवायची, हे एकच वेड त्याच्या डोक्यात होतं. मोटारीचं अंग घडवायला त्याने होड्या बांधणाऱ्या शत्रुघ्नदादाला गाठलं.

"पानी कापायला होडीची नाळ, म्हंजे पुढचं टोक, निमुळती लागते," दादा म्हणाला. "वाऱ्याचं पन तसंच. ह्या मोटारीचं भलंथोरलं तोंड मिटून टाक."

"मिटलं तर रेडिएटर गुदमरेल, दादा."

"आनि उघडं ठेवलंस तर वाराच मागं रेटेल. मग बैलच जुंप की पुढं!"

बरेच दिवस हा वाद चालला. शेवटी तोंड लहान ठेवलं, आतली वाट माझ्यापर्यंत रुंदावत आणली आणि तापलेला वारा बाहेर पडायला दोन्ही कुशींना फटी पाडल्या. पहिल्यांदा धावलो तेव्हा असा गार झरा अंगातून गेला म्हणून सांगू! दोघांनी माझ्या पितळेवर थाप मारली. तेवढं कौतुक मला आयुष्याला पुरलं असतं.

पण बेनेडिक्टची आई, रेजिनाबाय, शर्यतीला राजी नव्हती. तिचा नवरा समुद्रावर गेला तो परतलाच नाही. मोसमाच्या आरंभी होडीच्या नाळेला आशीर्वादाचा हार बांधायची त्यांची रीत. त्या वर्षी ती तापाने पडून होती आणि हार राहिला. म्हणूनच दर्याने त्याला नेलं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. आता एकुलता एक मुलगा उरला होता.

"एक शर्यत कर," ती म्हणाली. "पण पवित्र मारियेच्या वेदीवरचा हार मोटारीच्या तोंडाला राहील. शेवटपर्यंत. शब्द दे."

बेनेडिक्टने माझ्याकडे पाहिलं. हार माझा वारा अडवणार, हे त्याला कळत होतं. तरी आईचा हात हातात घेऊन त्याने शब्द दिला.

शर्यतीच्या आधी मोटार आशीर्वादासाठी चर्चच्या अंगणात नेली. तिथे बायबलातल्या पहिल्या माणसाच्या कथेवर कीर्तन रंगलं होतं. झांजांच्या तालावर बुवा गात होते:

"मातीचा पुतळा पडला होता,
नाकी फुंकिला श्वास अनंता!"

रेजिनाबाय डोळे मिटून डोलत होती. मीही ऐकत होतो, आणि ते आपल्यासाठीच गायलं जातंय असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने शेवंतीचा जाड हार माझ्यासमोर बांधला. त्यात नागवेलीची हिरवी पानं गुंफलेली. मोटार सुटली. वाऱ्याच्या जोराने ती पानं आत ओढली जाऊन माझ्या जाळीला चिकटली. श्वास बंद! पाणी उकळू लागलं. बेनेडिक्टच्या समोर काच नव्हती. माझं झाकण उडालं असतं तर उकळतं पाणी थेट त्याच्या तोंडावर. उष्णता दाखवणारा काटा चढताना तो बघत होता, पण थांबेना. शब्द दिला होता ना!

कडेला शत्रुघ्नदादा ओरडला, "बाय, मोटार कोंडलीय! हार काढायला सांग त्याला!"

"तो हारच राखतोय माझ्या पोराला."

"अगो, नाकच बांधलंयस तू तिचं!"

नाक! रेजिनाबाय दचकली. इतक्यात आम्ही समोरून गेलो, आणि वाफेत तिला मुलाचा चेहराच दिसला नाही. पुढच्या फेरीला ती दोराखालून वाकून पुढे आली आणि दोन्ही हात हलवू लागली. बेनेडिक्टने करकचून ब्रेक दाबला.

"आई, शब्द..."

"मी सोडला तुला शब्दातून!" तिने हार ओढला. चिकटलेली पानं तापलेल्या जाळीवरून बोटांनी खरवडून काढली. "देवाने नाकात श्वास फुंकला, बाबा, आणि मी तेच नाक बुजवत होते."

मी निवेपर्यंत शर्यत संपली. बेनेडिक्ट हार गळ्यात घालून आईची भाजलेली बोटं फुंकत बसला होता.

पुढे मोटारीचे भाग सुटे करून टाकले. बेनेडिक्ट बसच्या कारखान्यात लागला, मी इथे आलो. खारा वारा पितळ खातो, कुंभारमाश्या जाळीत मातीची घरं करतात. मारियेच्या सणाला मात्र रेजिनाबाय येते, काडीने एकेक फट मोकळी करते आणि हार बाजूच्या खुंटीला लावते.

मित्रांनो, ज्यांच्यावर जीव आहे त्यांना हार जरूर घाला. पण ते श्वास कुठून घेतात, ते आधी पाहा. रेजिनाबायची बोटं पाहिलीत तर समजेल. माझ्या जाळीच्या रेघा अजून त्यांवर आहेत.